ट्रेल मेलमध्ये कोण काय म्हणालं हे कळत नाही: कारणं आणि उपाय

ट्रेल मेल म्हणजे ज्याच्या खाली आधीचे सगळे मेल लागलेले असतात तो मेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि पुण्याचा ग्राहक धरा. ग्राहकाच्या मेलमध्ये तीन प्रश्न आहेत. ग्रेड (बिडाचा दर्जा) एफजी 220 ऐवजी एफजी 260 करता येईल का? मशिनिंग अलाऊन्स (मशिनवर कापून काढण्यासाठी ठेवलेला जादा माल) 3 मिमीचा 4 मिमी कराल का? पहिला लॉट 20 तारखेला मिळेल का? फाउंड्रीतून उत्तर जातं: "हो, चालेल. रेट वेगळा पडेल." आता चालेल ते काय, आणि रेट वेगळा पडणार तो कशामुळे? हाच मेल पुढं क्वालिटीकडं आणि तिथून पॅटर्न शॉपकडं (साचा ज्यावरून घेतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणाऱ्या विभागाकडं) फिरतो. तोवर खाली दहा-अकरा मेलची शेपटी लागलेली असते. त्यातलं "4 मिमी करा" हे वाक्य ग्राहकाचं की आपल्याच मेथड्स (ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्या) विभागाचं, हे शोधायला अर्धा दिवस जातो. कुणी ते वाक्य चुकीच्या माणसाच्या नावावर वाचलं, तर पॅटर्न 3 मिमीवरच राहतो आणि कास्टिंग मशिनवर चढल्यावर काही ठिकाणी काढायला मालच उरत नाही.

हा दोष गूळ व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारात दिसतो, पतसंस्थेच्या शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यातही दिसतो. कारणं थोडीच आहेत, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी आपल्याकडं नेमकं काय बिघडतंय ते ओळखा.

उत्तर कोणत्या प्रश्नाचं ते कळत नाही

कारण सरळ आहे. उत्तर सगळ्यात वर आणि प्रश्न खाली कुठंतरी. एकच प्रश्न आणि एकच उत्तर असेल तर वर लिहिलेलं चालतं, त्यात गैर काही नाही. दोन किंवा जास्त मुद्दे असले की प्रत्येक मुद्दा उचलून त्याच्याखालीच उत्तर लिहा (ओळीआधीचं बाणासारखं चिन्ह म्हणजे समोरच्याचं उतरवलेलं वाक्य):

> ग्रेड एफजी 260 करता येईल का?

हो. रेट किलोमागे वाढेल, सुधारित कोटेशन सोबत जोडलं आहे.

> मशिनिंग अलाऊन्स 4 मिमी कराल का?

फक्त वरच्या फ्लँजवर. बाकी 3 मिमीच राहील.

> पहिला लॉट 20 तारखेला मिळेल का?

नाही. पॅटर्न बदलायचा असल्याने 26 तारीख धरावी.

ज्या ओळींना उत्तर द्यायचं नाही त्या काढून टाका. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती सांगणारी पत्रकं. त्यातल्या 1995 च्या आरएफसी 1855 या शिष्टाचार-पत्रकातही हेच सांगितलंय: संदर्भ कळेल इतकाच मूळ मजकूर ठेवा, सगळा उतरवू नका.

जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर रिप्लाय दाबला की खाली तीन टिंबं दिसतात. ती दाबल्यावर आधीचा मजकूर उघडतो. हव्या त्या वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून एंटर द्या. नवी ओळ अजून उभ्या रेघेच्या आतच असेल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस एकत्र दाबा, म्हणजे ती बाहेर येईल. याहून भरवशाचा मार्ग म्हणजे लिहिण्याच्या खिडकीत खालच्या मेनूतून प्लेन टेक्स्ट मोड (रंग, फॉन्ट नसलेला साधा मजकूर) निवडणं. मग प्रत्येक जुन्या ओळीला > लागतं आणि मधे लिहिणं सोपं होतं. मात्र मेलमध्ये रेटचा तक्ता असेल तर प्लेन टेक्स्टमध्ये तो मोडतो. अशा वेळी तक्ता एक्सेल फाइल म्हणून जोडा.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये याहून बरी सोय आहे. हवी तेवढीच वाक्यं माउसने निवडा आणि मग रिप्लाय दाबा, तेवढंच उत्तरात येतं. आयफोनच्या मेलमध्येही हे चालतं. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये कंपोझिशन अँड अड्रेसिंगखाली उत्तर जुन्या मजकुराच्या खाली सुरू करण्याचा पर्याय आहे, तो एकदाच लावून ठेवा.

"माझी उत्तरं लाल अक्षरात आहेत"

आपल्याकडच्या ऑफिसांत सगळ्यात जास्त गोंधळ ही सवय घालते. एकजण लाल रंगात लिहितो, दुसरा निळ्यात, तिसऱ्यालाही लालच आवडतो. पहिल्या दिवशी सगळं छान दिसतं. मग कुणीतरी प्लेन टेक्स्टमध्ये उत्तर देतो आणि सगळे रंग एका झटक्यात जातात. कुणी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर प्रत काढून शॉप फ्लोअरला देतो, तिथं लाल आणि काळं सारखंच. मोबाइलच्या डार्क मोडमध्ये रंग बदलून दिसतात. एखाद्याला लाल-हिरवा फरक डोळ्यांनीच कळत नाही. रंगाने फार तर "हे वेगळ्या माणसाचं आहे" एवढं कळतं, तो माणूस कोण ते कळत नाही.

रंग लावायचाच असेल तर लावा, पण प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला चौकोनी कंसात नाव आणि विभाग लिहा: [सुतार, मेथड्स]. क्लासिक आउटलुकमध्ये (कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये) हे आपोआप होतं. फाइल, ऑप्शन्स, मेल या क्रमाने गेल्यावर रिप्लाइज अँड फॉरवर्ड्स या भागात "प्रीफेस कॉमेंट्स विथ" अशी चौकट आहे. तिथं खूण करून नाव आणि विभाग भरा. त्यानंतर जुन्या मजकुरात मधे कुठंही लिहायला लागलात की तुमचं नाव कंसात आधी उमटतं. बऱ्याच कंपन्यांत सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आउटलुक असतं आणि ही चौकट मात्र कुणीच उघडलेली नसते. पाच मिनिटांचं काम आहे.

नावाची ओळ एकाची, वाक्य दुसऱ्याचं

खरा घोटाळा इथं होतो. जुन्या मजकुराच्या वर "अमुक तारखेला अमुक यांनी लिहिलं" अशी जी ओळ येते, ती आणि > चिन्हांची संख्या यांचा हिशोब जुळायला हवा. नियम असा: एक चिन्ह म्हणजे ज्याला आपण उत्तर देतोय त्याचं वाक्य. दोन चिन्हं म्हणजे त्याने ज्याचं उतरवलं त्याचं. नावाच्या ओळीला तिच्याखालच्या वाक्यापेक्षा नेहमी एक चिन्ह कमी असतं.

12 जून, कुलकर्णी मॅडम (खरेदी) यांनी लिहिलं:
> 11 जून, पाटील (क्वालिटी) यांनी लिहिलं:
>> वरच्या फ्लँजवर 3 मिमी कमी पडतात.
> मग 4 मिमी करून घ्या.

इथं 3 मिमी कमी पडतात हे पाटलांचं म्हणणं आणि 4 मिमी करा हे मॅडमचं. आता कुणी मेल आटोपशीर करायला पाटलांचं वाक्य ठेवलं आणि त्यांच्या नावाची ओळ तेवढी पुसली:

12 जून, कुलकर्णी मॅडम (खरेदी) यांनी लिहिलं:
>> वरच्या फ्लँजवर 3 मिमी कमी पडतात.

घाईत वाचणाऱ्याला हे मॅडमचंच वाक्य वाटणार. क्वालिटीची तक्रार खरेदीच्या नावावर चढली. उलटंही होतं: वाक्य पुसलं जातं, नाव तसंच राहतं, आणि ज्याने काही म्हटलंच नाही तो चर्चेत असल्यासारखा दिसतो. म्हणून मजकूर कापताना नाव आणि वाक्य जोडीने ठेवा किंवा जोडीने काढा. पाठवण्याआधी दोन चिन्हांच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वर तिचं नाव आहे ना ते बघा. तीनपेक्षा जास्त चिन्हं दिसू लागली तर उतरवणं थांबवा. त्याऐवजी "पाटील यांच्या 11 जूनच्या मेलमधला मुद्दा असा" असं एका वाक्यात लिहा, ते वाचायला सोपं जातं.

आउटलुकचा आणखी एक त्रास. त्याच्या नेहमीच्या मांडणीत > लागतच नाही. नुसता प्रेषक, तारीख, कुणाला, विषय असा चार ओळींचा ठोकळा येतो आणि त्याखाली सलग मजकूर. क्लासिक आउटलुकमध्ये वर सांगितलेल्याच भागात "व्हेन रिप्लायिंग टू अ मेसेज" या यादीतून "प्रीफिक्स ईच लाइन" निवडा. प्लेन टेक्स्ट मेलला > लागेल, फॉरमॅट असलेल्या मेलला बाजूला रेघ लागेल. ज्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय नाही तिथं हवी ती वाक्यं कॉपी करून चिन्ह हाताने घाला, एका मुद्द्याला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त लागत नाहीत.

थंडरबर्डमध्ये नुसतं नाव येत असेल आणि तारीख नसेल, तर कॉन्फिग एडिटरमध्ये रिप्लाय हेडर टाइप शोधा, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून. किंमत 2 ठेवली की तारीख आणि नाव दोन्ही येतं. 0 असेल तर काहीच येत नाही.

दात पडलेला कंगवा

जुन्या ओळी मधेच तुटतात, एक लांब, एक दोन शब्दांची, अशी रांग दिसते. यात फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. प्लेन टेक्स्टमध्ये ओळ साधारण 78 अक्षरांवर तोडण्याची पद्धत आहे. प्रत्येक उत्तरात पुढं एक-दोन खुणा वाढतात, ओळ मर्यादेबाहेर जाते आणि शेवटचा शब्द खाली पडतो. वाईट प्रोग्रॅम त्या पडलेल्या शब्दाला चिन्ह लावत नाही:

> पॅटर्नचा खर्च ग्राहकाने द्यायचा नाही, तो आमच्याकडे
लागेल.

"लागेल" हा शब्द आता उत्तर देणाऱ्याचा झाला. एका शब्दाने फारसं बिघडत नाही, पण खाली पडलेला शब्द "नाही" असेल तर वाक्याचा अर्थच फिरतो. यावर 2004 च्या आरएफसी 3676 मध्ये "फॉरमॅट फ्लोड" ही पद्धत दिली आहे. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवली की ती ओळ पुढच्या ओळीला जोडायची, असं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळतं. ही पद्धत दोन्ही बाजूंनी पाळली गेली तरच उपयोगी. नसेल तर थंडरबर्डच्या प्लेन टेक्स्ट खिडकीत सगळं निवडून कंट्रोल-आर दाबा, ओळी खुणांसकट नीट बसतात. बाकी ठिकाणी तुटलेल्या ओळी हाताने जोडा.

आपण, परवा, वरील

याला कुठल्याच प्रोग्रॅमचा दोष नाही, आपल्या भाषेचा स्वभाव आहे. "पॅटर्नचा खर्च आपण करावा" यातला आपण म्हणजे समोरचा. "पुढच्या वेळी आपण नवा पॅटर्न करू" यातला आपण म्हणजे दोघं मिळून. लिहिणाऱ्याला आणि पहिल्या वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण तेच वाक्य उतरवून तिसऱ्या माणसाकडं गेलं की खर्च कुणाच्या माथी ते त्याला ठरवता येत नाही. "परवा माल पाठवला" आणि "परवा माल पाठवतो" यात क्रियापद आहे म्हणून निभावतं, पण नुसतं "डिस्पॅच: परवा" असं उतरवलं की गेला परवा की येता परवा ते कळायला मार्ग नाही. "उद्या" शब्दाचं तर दोन दिवसांनी वाचलं की उत्तरच बदलतं. आणि उत्तरं वर लिहिण्याची सवय असेल तर "वरील मुद्दा" खाली गेलेला असतो.

दुसऱ्याचं वाक्य बदलायचं नाही, पण चौकोनी कंसात खुलासा घालता येतो:

> परवा [14 जून] 200 नग पाठवतो. खर्च आपण [ग्राहकाने] करावा.

कंसातलं आपलं, बाहेरचं त्यांचं. मधला भाग गाळला तर [...] घाला. आणि आकडा चुकीचा दिसला तरी उतरवलेल्या वाक्यात तो दुरुस्त करू नका. त्यांनी 2000 लिहिलं आणि तुम्हाला 200 हवं असं वाटलं, तर 2000 तसंच ठेवा आणि खाली विचारा. उतारा दुरुस्त करणं म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणं, आणि मागाहून मूळ मेल उघडला की विश्वास तिथंच संपतो.

नवा मेल लिहितानाच काळजी घेतली तर निम्मं काम वाचतं: आपण ऐवजी "आमची फाउंड्री" किंवा "तुमचा खरेदी विभाग", परवा ऐवजी तारीख.

पाटील कोण आणि तीन-चार म्हणजे कुठला दिवस

कोल्हापुरात एका मेलच्या साखळीत तीन पाटील असणं रोजचं आहे. त्यात विक्री आणि अकाउंट्सचे मेल एकाच सामायिक पत्त्यावरून जातात, त्यामुळे आपोआप येणाऱ्या ओळीत माणसाचं नाव नसतंच, कंपनीचं असतं. अशा ओळीत हाताने नाव आणि विभाग घाला, आणि सामायिक पत्त्यावरून लिहिताना शेवटी स्वतःचं नाव टाकल्याशिवाय मेल सोडू नका.

तारीख 03/04 अशी आली तर ती 3 एप्रिल की 4 मार्च? परदेशी ग्राहक असेल तर दोन्ही शक्य. महिना अक्षरात लिहा. वेळेचंही तसंच: जर्मनीत उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेतीन तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेचार. "दुपारी 12 च्या मेलमध्ये तुम्ही म्हणालात" असं लिहून उपयोग नाही, कारण त्यांच्या यादीत तो मेल साडेआठचा आहे. वेळ लिहायचीच तर पुढं "भारतीय वेळ" जोडा.

उतरवलेलं मराठी बिघडतं

तीन प्रकार आहेत, एकमेकांत मिसळू नका.

पहिला: पाठवताना मराठी नीट होतं, उत्तरात खाली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. हा श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर. त्यात आतली अक्षरं मुळात रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. उत्तर प्लेन टेक्स्ट झालं की फॉन्टचं नाव गळून पडतं आणि चेहरा जातो. छापखान्यात आणि संस्थांच्या जुन्या फाइल्समध्ये असा मजकूर अजून भरपूर आहे. ओळखायची सोपी खूण: मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथंही देवनागरी दिसली तर युनिकोड (फॉन्ट बदलला तरी टिकणारी अक्षरं) आहे, नाहीतर आधी कन्व्हर्टरमधून काढा. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. रफार, वेलांटी आणि ऱ्य हमखास चुकतात. "गडहिंग्लज", "आजऱ्याचा", "कार्यालय" हे शब्द त्या मजकुरात असतील तर आधी तेच तपासा.

दुसरा: प्रत्येक अक्षराच्या जागी टोपी किंवा तिरपी खूण असलेला रोमन ए आणि विचित्र चिन्हं पुन्हापुन्हा येतात. मजकूर यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची पद्धत) मध्ये आहे, पण वाचणारा प्रोग्रॅम तो दुसऱ्या लिपीसंचात वाचतोय. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं, म्हणून एकाची तीन चिन्हं होतात. मजकूर बहुधा शाबूत असतो, एन्कोडिंग बदलून उघडला की परत येतो.

तिसरा: नुसती प्रश्नचिन्हं. इथं मजकूर गेलेला आहे, कुठल्याही युक्तीने परत येणार नाही. मूळ मेल शोधून त्यातूनच उतरवा. पुन्हा होऊ नये म्हणून क्लासिक आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, इंटरनॅशनल ऑप्शन्स इथं जाऊन बाहेर जाणाऱ्या मेलसाठी आपोआप निवड बंद करा आणि युनिकोड यूटीएफ-8 ठेवा. त्याच जागी उत्तराची शीर्षकं इंग्रजीत ठेवण्याचाही पर्याय आहे. एका साखळीत अर्ध्या ओळी मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत येत असतील तर तो लावा.

लपलेली शेपटी

जीमेलमधली ती तीन टिंबं मजकूर फक्त लपवतात, तो जातो पूर्णच. नव्या पुरवठादाराला सीसीत घेतलं आणि खाली जुन्या पुरवठादाराचा रेट तसाच राहिला, असं होतं ते यामुळेच. नवा पत्ता घालण्याआधी टिंबं उघडा, शेवटपर्यंत खाली जा आणि त्या माणसाशी संबंध नसलेलं सगळं कापा. "कापलं तर साखळी तुटेल" ही भीती नको. मेल एकमेकांना जोडले जातात ते आतल्या हेडरमधल्या (मेलच्या न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीतल्या) खुणांनी, खालच्या मजकुराने नाही. जीमेलमध्ये साखळी तुटते ती विषयाची ओळ बदलली तर. म्हणून विषय खरंच बदलला असेल तर शीर्षक बदला, एरवी हात लावू नका.

शेपटी न कापल्याचा दुसरा तोटा: मेल 102 केबीच्या पुढं गेला की जीमेल तो मधेच कापून दाखवतं आणि खाली संपूर्ण मेल बघण्याची लिंक देतं. ती कुणी दाबत नाही. दहा वेळा उतरलेली कंपनीची सूचना आणि सह्या आधी काढा, बरीच जागा तेच खातात.

ड्रॉइंग जोडलेल्या मेलला रिप्लाय केलं की ड्रॉइंग सहसा जात नाही, फॉरवर्ड केलं तर जातं. पॅटर्न शॉपला ड्रॉइंगसकट मेल हवा असेल तर फॉरवर्ड करा आणि मजकुरात रिव्हिजन क्रमांक लिहा.

वाद होईल असा व्यवहार असेल तर उतरवलेल्या मजकुरावर अवलंबून राहू नका, कारण तो कुणालाही बदलता येतो. मूळ मेल जोडणी म्हणून पाठवा: आउटलुकमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ, जीमेलमध्ये मेल निवडून "फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट". शिवाय मूळ मेल हेडरसकट डाउनलोड करून जपा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ नोंदीबद्दल द्यायचं असतं. अकराव्या उत्तराच्या तळाशी उरलेली चार वाक्यं तिथं कामाला येत नाहीत.